रूळ गेले, वाट उरली

इंग्लंडहून परतलेल्या माणसाला आपण काय विचारतो? लंडनचा पूल पाहिला का, बकिंगहॅमचा राजवाडा पाहिला का, थंडी फार होती का. पूलही पाहिला, राजवाडाही पाहिला, थंडीही अनुभवली. पण गेल्या मे महिन्यात तिथे काढलेल्या तीन आठवड्यांतला एकच दिवस निवडायला सांगितलात, तर मी राजवाड्याचा नाही, सायकलीचा दिवस निवडीन. हो, सायकलीचा! लग्नानंतर चौदा वर्षं सायकलला हात न लावलेली मी त्या दिवशी तेरा-चौदा मैल सायकल चालवून आले. आणि याचं श्रेय माझ्या पायांपेक्षा त्या रस्त्याला जास्त आहे.

आमच्या थोरल्या वन्सं डर्बीला असतात. डर्बीपासून तेरा मैलांवर अ‍ॅशबर्न नावाचं जुनं बाजाराचं गाव लागतं. पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ मुलूख इथून सुरू होतो. हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ साली जाहीर झालेलं. उद्यान म्हटलं तरी कुंपण नाही की तिकीट नाही. आत गावं आहेत, शेतं आहेत, गाईमेंढ्या आहेत. दक्षिणेकडचा भाग चुनखडीचा, म्हणून त्याला व्हाइट पीक म्हणतात. डोंगर उंच नाहीत, नुसते गोलसर उंचवटे. एक चढून उतरावा तो दुसरा समोर उभा. त्यांच्यावरून पांढरट दगडांच्या कमरेएवढ्या भिंती धावत गेलेल्या. त्यांना चुना नाही की सिमेंट नाही. आपल्याकडे शेताच्या बांधाला दगड रचतात तसे नुसते एकावर एक बसवलेले. लांबून पाहिलं तर हिरव्या गोधडीला पांढरा धावदोरा घातल्यासारखं वाटतं.

या मुलखातून १८९९ साली अ‍ॅशबर्न ते बक्स्टन अशी आगगाडी सुरू झाली. वाटेत खेडोपाडी स्टेशनं. इथलं दूध गाडीने पार लंडनपर्यंत जाई. पुढे बस आल्या, मोटारी आल्या, आणि १९५४ साली प्रवाशांची नेहमीची गाडी थांबली. काही वर्षं मालगाड्या चालल्या. १९६७ मध्ये त्याही बंद झाल्या. त्या काळात इंग्लंडमधल्या अशा कितीतरी गाड्या गेल्या. ज्या बायका गाडीत बसून बाजाराला जात, त्यांना काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पण इथे रूळ उखडल्यावर जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळाने ती घेतली, रुळांच्या जागी बारीक चुनखडीची खडी दाबून बसवली आणि १९७१ साली पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी वाट खुली केली. हीच टिसिंग्टन ट्रेल. अ‍ॅशबर्नपासून पार्सली हेपर्यंत १३ मैल, म्हणजे सुमारे २१ किलोमीटर. एकही मोटार नाही.

आता कुणी म्हणेल, डोंगराळ मुलखात सायकल म्हणजे धापा टाकण्याचाच कार्यक्रम. मलाही तीच धास्ती होती. पण वन्सं म्हणाल्या, "अगं, ही वाट माणसांनी नाही, इंजिनाने आखलीय." खरंच आहे. वाफेच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नसे, म्हणून जिथे टेकडी आली तिथे ती कापली, जिथे खोलगट आलं तिथे भराव घातला. त्यामुळे डोंगर दोन्ही बाजूंना आणि आपण मधून जवळजवळ सपाट. चढ आहे, पण तो मैलोगणती पसरून दिलेला. पायांना कळतो तो फक्त जाताना थोडं जास्त दमल्यावर, आणि येताना पाय न मारता सायकल पळू लागल्यावर!

सायकली अ‍ॅशबर्नलाच भाड्याने मिळाल्या. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला तिच्या मापाची मिळाली, आणि धाकट्यासाठी ह्यांच्या सायकलला मागे जोडायची चाकांची गाडी. सुरुवातच साडेतीनशे मीटरच्या बोगद्याने होते. आत गारवा, दिव्यांचा मंद उजेड. धाकट्याने ओरडून ओरडून स्वतःचाच आवाज परत ऐकला. पुढे एका ओढ्यावरचा जुना रेल्वेपूल आता नाही. तिथे तेवढी वाट एकदम खाली उतरून पुन्हा चढते. मी सरळ उतरून सायकल हातात धरून चालले. तशा चालणाऱ्या बायका मला आणखीही भेटल्या.

साडेतीन-चार मैलांवर टिसिंग्टन येतं. जुन्या स्टेशनवरून जरा आत वळलं की गाव. दगडी घरं, तळ्यात बदकं, आणि सतराव्या शतकातला एक वाडा. या गावची विहिरी सजवायची प्रथा प्रसिद्ध आहे. ईस्टरनंतर येणाऱ्या असेन्शनच्या सणाला लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात आणि तिच्यात फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया एकेक करून दाबून चित्रं काढतात. मग ती फळी विहिरीवर उभी करतात. पाण्याचे उपकार मानायची ही रीत. आम्ही गेलो तेव्हा फळ्या उतरल्या होत्या, पण वन्संच्या फोनमधले फोटो पाहून मला आपल्या फुलांच्या रांगोळीचीच आठवण झाली. तीच चिकाटी, तीच थोड्या दिवसांची शोभा.

पुढे अ‍ॅल्सॉपच्या जुन्या स्टेशनाजवळ गवतावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि थर्मासमधला चहा संपवला. तिथे वन्सं एक गोष्ट बोलल्या. लग्नाआधी मिरजेत त्या कॉलेजला सायकलवर जात. डर्बीत आल्यावर वाहनांच्या भीतीने सायकल सुटली ती सुटलीच. तीन वर्षांपूर्वी आमचे मेहुणे गेले. मुलं परगावी. वन्संनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. शेजारची बाई एका रविवारी त्यांना बळेच इथे घेऊन आली. तेव्हापासून महिन्यातून दोनदा त्या येतात, पुष्कळदा एकट्याच. मी विचारलं, "एकटीला कंटाळा येत नाही?" तर म्हणाल्या, "इथे मागून हॉर्न वाजत नाही गं. तेवढ्यासाठीच येते."

त्या वाक्याने मला फार विचार करायला लावलं. आपण समजतो, वय वाढलं म्हणून सायकल सुटली. खरं तर सुटते ती भीतीने. वन्संचे गुडघे तेच, ताकद तीच. फरक पडला तो रस्त्याचा. आणि असा रस्ता आपोआप होत नाही. तिथे १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या जुन्या पायवाटांवर सायकलला परवानगी मिळाली. मात्र चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, ही अट. १९७७ साली ब्रिस्टल शहरात काही नागरिकांनी सायकलबॅग नावाचा गट काढला आणि ब्रिस्टल ते बाथ या बंद रेल्वेमार्गावर सायकलवाट तयार केली. त्याच कामातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था आणि देशभर सायकलमार्गांचं जाळं उभं राहिलं. शांतता ही निसर्गाने दिलेली वस्तू वाटते, पण इथली शांतता माणसांनी मागून, भांडून, राखून मिळवलेली आहे.

कुणाचे नातेवाईक त्या बाजूला असतील आणि जाण्याचा योग आला, तर काही सूचना. सलवार-कमीज चालते, पण ओढणी घरी ठेवावी आणि सलवारीचा पायघोळ रबराने बांधावा. मे महिन्यातही पातळ रेनकोट हवाच. ओल्या खडीचा पांढरा चिखल कपड्यांवर उडतो, म्हणून गडद रंग बरे. सुट्टीच्या दिवशी सायकल आधी सांगून ठेवावी. लहान मुलं असतील तर टिसिंग्टनपर्यंत जाऊन परतलं तरी पुष्कळ. दमदार मंडळींना पार्सली हेजवळ दुसरी वाट मिळते, हाय पीक ट्रेल. तीही जुन्या रेल्वेचीच, १८३० च्या सुमाराची. पण क्रॉमफर्डच्या टोकाला तिचे उतार फार तीव्र आहेत. तिथे डबे दोराने, वाफेच्या यंत्रांनी ओढत. मिडलटन टॉपला १८२९ सालचं असं एक यंत्र अजून जपून ठेवलंय. तिथे सायकलवरून उतरलेलंच बरं.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे आठवीत येताना मुली हौसेने सायकल घेऊन येतात. दहावीपर्यंत निम्म्या सायकली अंगणात कोपऱ्यात उभ्या राहतात. आया सांगतात, "बाई, रस्ता किती वाईट झालाय!" त्यांचं चुकतं असं नाही. पण परत आल्यापासून मला वाटतं, आपण मुलीला सायकल देतो तिथे आपलं काम संपत नाही. शाळेपर्यंतचा एखादा रस्ता तरी तिच्यासाठी मागायला हवा.