कितवी गल्ली?

कोल्हापुरात रिक्षात बसून नुसते 'राजारामपुरी' म्हटले, की रिक्षावाला मान वळवून विचारतो, "कितवी गल्ली, साहेब?" राजाराम महाराजांच्या नावाच्या या वसाहतीत गल्ल्यांना आकडेच नावासारखे चिकटले आहेत. आठवीत जाणारा परका माणूस हमखास नवव्या गल्लीत शिरतो. मीही शिरलो, आणि तेही मामांच्या घरी जाताना!

२० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले, त्यानंतरच्याच महिन्यातली ही गोष्ट. मामांच्या पश्चात घर बिल्डरला द्यायचे ठरले होते. आईचा हिस्सा म्हणून माझी सही हवी होती.

"पुस्तकं तेवढी घेऊन जा बाबा," मामी म्हणाली. ट्रंकेत 'यक्षांची देणगी' सापडले. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वाढले बनारसला, शिकले केंब्रिजला. पण मामांच्या लेखी ते शेवटपर्यंत 'आपल्या गावचे'! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा धाडली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला वशिला नको होता, याचे मामांना कथेहूनही कौतुक.

मला मात्र 'गंगाधरपंतांचे पानिपत' प्रिय. इतिहासाचे हे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, की जिथे १७६१ साली गोळी विश्वासरावांना नुसती चाटून गेली आणि मराठे जिंकले! पानिपत म्हटले की आपण उसासा टाकतो. नारळीकर हिशेब मांडतात. बखर, भौतिकशास्त्र आणि गंमत एकाच ताटात. (हे ताट कोणत्या पंगतीत मांडावे हे काही समीक्षकांना उमगले नाही, उपाशी राहिले ते तेच.)

१९७१ साली माझ्या वडिलांना कोल्हापूरची बदली आली होती. मामांनी वरची खोली रंगवूनसुद्धा ठेवली. वडिलांनी बदली नाकारली आणि आम्ही मुंबईच्या चाळीत राहिलो. दोघे मेहुणे पुढे कित्येक वर्षे एकमेकांशी धड बोलले नाहीत. त्या खोलीचा फिकट निळा रंग अजून तसाच होता.

कागदावर पेन टेकवले आणि हात थांबला.

"शाई संपली काय रे?" मामीने विचारले.

"नाही," म्हटले आणि सही केली. मग दोघांनी मिळून ट्रंक खाली उतरवली.