देवगिरीची अंधारी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने सुमारे 15 किलोमीटर गेले की मैदानात एकटाच उभा असलेला एक डोंगर दिसू लागतो. त्याचा माथा निमुळता आहे. पण कंबर मात्र भिंतीसारखी सरळ तासलेली आहे. हाच देवगिरी किंवा दौलताबादचा किल्ला. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम ह्याने येथे आपली राजधानी वसविली.

हा डोंगर काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट बाहेर आले आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. वाहता लाव्हा वरून थिजतो, आतला रस मात्र पुढे वाहून जातो. मग मागे एक पोकळ नळी उरते. हवाई बेटांत आणि आइसलँडमध्ये अशा नैसर्गिक गुहा पुष्कळ आहेत. देवगिरीच्या पोटातही एक काळोखी वाट आहे; परंतु ती लाव्ह्याने घडविलेली नसून माणसाच्या छिन्नीने खोदलेली आहे. तिला ‘अंधारी’ म्हणतात.

अंधारीकडे जाणे मुळातच सोपे नव्हते. डोंगराभोवती खडकात खोल खंदक खोदलेला असून त्याच्या काठाचा कडा सुमारे 50 मीटर उंच तासलेला आहे. त्यावर घोरपडीलाही पाय रोवता येऊ नये! खंदकावरचा जुना पूल इतका अरुंद, की दोघांहून अधिक माणसांना त्यावरून बरोबरीने चालता येत नसे. तो ओलांडला की अंधारीचे तोंड लागते.

आत पाऊल टाकताच बाहेरचा प्रकाश मागे राहतो. चार पावलांवर वाट वळते आणि प्रवाशाला स्वतःचा हातही दिसेनासा होतो. पायऱ्या ओबडधोबड आहेत. वटवाघळांचा उग्र दर्प नाकात शिरतो, त्यांच्या पंखांची फडफड डोक्यावरून जाते. पूर्वी वाटाडे मशाल घेऊन पुढे चालत. मशालीच्या उजेडात छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत आणि ही सारी वाट हाताने कोरली आहे, हे ध्यानात येऊन पाहणारा थक्क होई. अनोळखी शत्रू येथे शिरला, तर त्याला आपला कोण आणि परका कोण हे कळणेही कठीण होते. तो चाचपडत वर पोचलाच, तरी वाटेच्या वरच्या तोंडावर लोखंडी जाळी असे आणि युद्धप्रसंगी तिच्यावर मोठा अग्नी पेटविण्याची योजना होती.

एवढा बंदोबस्त असलेला किल्ला शत्रूच्या हाती पडलाच कसा? इ. स. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. राजा रामदेवरायाचे मुख्य सैन्य त्या वेळी युवराज शंकरदेवाबरोबर दूर गेले होते. राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. घाईघाईने व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजून वर नेण्यात आली. शंकरदेव परत येऊन लढला, पण त्याचा पराभव झाला. वेढा चालू राहिला आणि पोती उघडली, तेव्हा त्यांत धान्य नव्हे, मीठ निघाले, असे जुनी तवारीख सांगते. राजाला तह करावा लागला. कडा अभंग होता, खंदक अभंग होता, अंधारीतला काळोखही तसाच होता. रिते होते ते केवळ कोठार.

पुढे 1327 मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि ‘दौलताबाद’ हे नाव रूढ झाले. 1633 मध्ये मोगलांनी वेढा घातला, तेव्हा हा किल्ला निजामशाहीच्या ताब्यात होता. बाहेर सुरुंग उडत होते आणि आत अन्नटंचाई वाढत होती. शेवटी मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान ह्याने अटी ठरवून किल्ला स्वाधीन केला. तीनशे वर्षांनंतरही घाव बसला तो त्याच जागी.

अंधारी चढून माथ्याकडे गेलेल्या प्रवाशाला प्रथम वारा लागतो, मग खालचा विस्तीर्ण मुलूख दिसतो. ज्या हातांनी काळा पाषाण फोडून ही वाट केली, त्यांच्या कौशल्याला सीमा नव्हती. पण किल्ला कड्यांच्या बळावर जितका उभा असतो, तितकाच तो शिवारातून वेळेवर वर आलेल्या धान्यावर आणि ते पोते उघडून पाहणाऱ्या एखाद्या दक्ष कोठीवाल्यावर उभा असतो. त्या दिवशी देवगिरीवर असा एक माणूस हवा होता.