सिंहांच्या माथ्यावरचं चाक

रुपयाच्या नाण्यावर तीन सिंह दिसतात आणि चौथा पाठीमागे आहे, हे शाळेपासून ठाऊक असतं. पण त्या सिंहांच्या डोक्यावरही काही होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर आपल्या राजमुद्रेचा सगळा जीव तिथंच दिसतो.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने सारनाथला, बुद्धांनी पहिला उपदेश केला त्या भूमीवर, हे सिंह ज्याच्या माथ्यावर होते तो स्तंभ उभारला. १९०४-०५मध्ये तिथं उत्खनन करणाऱ्या ऑर्टेल यांना त्याचा शीर्षभाग मिळाला. आज तो तिथल्याच संग्रहालयात आहे; चुनारच्या वालुकाश्मातला, सुमारे सात फूट उंच. मौर्य कारागिरांनी दिलेली झिलई अजून अशी, की दगडावरून नजर घसरावी. सिंहांच्या आयाळीचे झुपके कसे शिस्तीत, ओळीने बसलेले. पायाखालच्या पट्टीवर मात्र शिल्पकाराचा हात मोकळा सुटला आहे. हत्ती, घोडा, बैल आणि सिंह तिथं एकामागून एक निघालेत, दर दोघांमध्ये एक चाक. घोडा चौखूर उधळलाय, बैल आपल्या जड पावलांनी चाललाय. राजमुद्रेत दिसतात ते हेच दोघे. हत्ती आणि सिंह मागच्या बाजूला राहिले.

२६ जानेवारी १९५० रोजी ही मुद्रा देशाची झाली. संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट नंदलाल बोस यांच्याकडे होती. त्यांचे तरुण विद्यार्थी दीनानाथ भार्गव मुद्रेतले सिंह रेखाटण्यासाठी खरे सिंह पाहायला कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात. मूळ शिल्पातलं खालचं उलटं कमळ मुद्रेत घेतलं नाही. खाली मुंडकोपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ आलं.

आणि माथ्यावर? तिथं एक मोठं धर्मचक्र होतं. त्याचे तुकडेच हाती लागले. त्यावरून आरे बत्तीस असावेत असं मानतात. ते चाक मनाने जागेवर बसवून पाहावं. मग सिंह पालखीच्या भोयांसारखे दिसू लागतात. एवढं बळ, एवढी गर्जना, आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याहून मोठं काही खांद्यावर पेलायला! सत्तेची इतकी सुंदर कल्पना ज्या दगडात कोरली, तो आपण निवडला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

स्तंभाचा बुंधा आजही सारनाथला मूळ जागी आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख सांगतो की संघात फूट पाडणाऱ्याला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर ठेवावं. पुढचा मजकूर मला अधिक मोलाचा वाटतो. या आज्ञेची एक प्रत महामात्रांजवळ, म्हणजे अधिकाऱ्यांजवळ असावी, दुसरी उपासकांजवळ. उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या उपवासाच्या दिवशी सामान्य उपासकांनी येऊन ती समजून घ्यावी, आणि महामात्रांनीही त्या दिवशी न चुकता हजर राहावं.