विरत गेलेला सूर

मेक्सिको शहराची हवा विरळ आहे. समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर श्वास घ्यावा तर तो छातीत अर्धाच उतरतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंना ती हवा रडवते आणि जवळच्या पल्ल्याच्या धावपटूंना मुकाट वाट देते, कारण अडवायला तिच्यात फारसं काही नसतंच. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये, १६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्या हवेतून टॉमी स्मिथ नावाचा एक उंच, सडपातळ अमेरिकन तरुण २०० मीटर धावला. उपान्त्य फेरीत त्याच्या जांघेतला स्नायू दुखावला होता. तरीही शेवटचे काही मीटर उरलेले असतानाच त्याने दोन्ही हात आभाळात फेकले आणि त्या पसरलेल्या हातांसकट तो १९.८३ सेकंदांत रेषेपार गेला. विश्वविक्रम झाला. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा आला, स्मिथचा मित्र जॉन कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा.

मी मात्र त्या संध्याकाळकडे पुन्हा पुन्हा जाते ती त्या धावण्यासाठी नाही. एका आवाजासाठी जाते.

पदकं घ्यायला तिघं निघाले तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी बूट हातात घेतले होते. पायांत फक्त काळे मोजे, त्यांच्या कृष्णवर्णीय माणसांच्या दारिद्र्याची खूण म्हणून. स्मिथच्या गळ्याशी काळा रुमाल. कार्लोसच्या गळ्यात मण्यांची माळ, झाडांना टांगून मारलेल्या, ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थनाही म्हटली नाही अशांच्या आठवणीची. आणि त्याच्या जाकिटाची चेन उघडी, घाम गाळून पोट भरणाऱ्यांच्या नावाने. हातमोज्यांचा जोड एकच होता. कार्लोस आपला विसरून आला होता, आणि एकेक वाटून घ्या असं सुचवलं ते नॉर्मनने, त्या गोऱ्या परक्या माणसाने. म्हणून स्मिथची उजवी मूठ वर गेली आणि कार्लोसची डावी. नॉर्मनने एका अमेरिकन नौकानयनपटूकडून मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला मागून घेतला, छातीवर लावला आणि तो सरळ उभा राहिला, समोर बघत, दोघांकडे पाठ करून.

त्याला मागचं काही दिसत नव्हतं. त्याने पुढे सांगून ठेवलंय की प्रेक्षकांतून कुणीतरी अमेरिकेचं राष्ट्रगीत मोठ्याने गात होतं, आणि तो आवाज हळूहळू विरत विरत नाहीसा झाला, तेव्हा त्याला कळलं की मागे त्या दोघांनी ठरवलेलं केलं आहे.

तो आवाज कुणाचा होता, कुठेही नोंद नाही. जगाला त्या संध्याकाळचं छायाचित्र ठाऊक आहे: दोन मुठी, दोन झुकलेली डोकी, पायांपाशी उभं ठेवलेलं बुटांचं एकाकीपण. मला मात्र त्या चौकटीबाहेरचा, वरच्या कुठल्यातरी रांगेतला तो माणूस दिसत राहतो. देशाहून दूर आला असेल, खिशातले पैसे मोजून तिकीट काढलं असेल, आपल्या देशाच्या पोरांनी सोनं आणि कांस्य जिंकलं म्हणून घसा भरून आला असेल. आपल्या गीताची पहिली ओळ परक्या आभाळाखाली ऐकताना अंगावर काटा आला असेल. तो गायला लागला. मग त्याचं लक्ष खाली गेलं. आणि कुठल्याशा शब्दावर, कुठल्याशा चढावर, त्याचा सूर सुटला.

पुढच्या क्षणी त्याने काय केलं असेल?

कारण पुढच्या क्षणी हुर्यो सुरू झाली. तिघं मैदानातून बाहेर पडत असताना कठड्यांवरून ती कोसळत राहिली, शिट्ट्या, आरोळ्या, आणि त्यात मिसळलेलं तेच गीत, आता शिवीसारखं ओरडून म्हटलेलं. दोन दिवसांत स्मिथ आणि कार्लोस संघातून निलंबित झाले, क्रीडाग्रामातून त्यांना बाहेर काढलं गेलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांना खेळात राजकारण नको होतं. त्याच शहरात उद्घाटनाच्या दहा दिवस आधी, त्लातेलोल्कोच्या चौकात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर शांततेची पांढरी कबुतरं ठरल्याप्रमाणे सोडली गेली.

पण मी त्या हुर्योचाही राग करू शकत नाही. तिच्यात द्वेष होता, हे खरं, आणि तो फार जुना, कातडीचा रंग मोजणारा द्वेष होता. पण तिच्यात एक दुखावलेपणही होतं. घरात पाहुणे जमलेले असावेत, ताटं मांडून झालेली असावीत आणि मोठ्या लेकाने सगळ्यांसमोर घरातली गोष्ट बोलून दाखवावी, तसं काहीतरी त्या मैदानात घडलं होतं. गोष्ट खोटी होती असं कुणी म्हणत नव्हतं. पाहुण्यांसमोर का, हा सगळ्यांचा राग होता. आणि लेक मनात म्हणत असणार, पाहुणे नसताना सांगितलं तेव्हा ऐकलं कोणी?

राष्ट्रगीत अंगात शिरतं ते अर्थाच्या आधी. शाळेच्या मैदानावर 'सावधान'ची आरोळी झाली की टाचा जुळायच्या, बोटं मांडीला चिकटायची, सकाळचं तिरपं ऊन डोळ्यांत यायचं आणि शेकडो कोवळ्या गळ्यांतून एक लाट उठायची. त्या लाटेत स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येत नसे, आणि तेच तर सुख होतं. एवढ्या मोठ्या आवाजाचा आपण कण आहोत हे कळण्याचं. आजही वानखेडेवर सामन्याआधी ती धून उठली की पायांखालचं काँक्रीट हलल्यासारखं वाटतं आणि मी गाते. मनापासून गाते. म्हणून मला ठाऊक आहे की त्या लाटेत एखादा देह वेगळा उभा राहिला तर तो किती चटकन डोळ्यांत खुपतो.

महाराष्ट्रात सिनेमाआधी राष्ट्रगीत वाजवायची पद्धत २००३ पासूनची. एकदा अंधाऱ्या थिएटरात आम्ही सगळे उभे होतो आणि पुढच्या रांगेत एकजण बसून होता. का बसला होता, कुणालाच माहीत नव्हतं. गुडघे असतील, दुःख असेल, मत असेल. बावन्न सेकंदांत त्या सभागृहात काहीतरी फिरलं. पडद्यावर तिरंगा फडकत होता आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे त्या बसलेल्या डोक्याकडे बघत होते. गाणं तोंडात, नजर त्याच्यावर. झेंड्याची जागा त्या माणसाने घेतली होती, आणि ती त्याला आम्ही दिली होती.

अमेरिकेत खेळ आणि राष्ट्रगीत यांची गाठ घट्ट बसली ती युद्धाच्या सावलीत. १९१८ चा सप्टेंबर, शिकागो, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज. पहिल्या सामन्यात सातव्या डावाच्या विश्रांतीत बँडने ते गाणं वाजवलं. तोवर ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं. तो मान त्याला १९३१ मध्ये मिळाला. दूर युरोपात मुलं मरत होती, मैदानातली गर्दी सुन्न होती. सुरुवातीला काही थोडेच गायला लागले, मग शेजारचे, मग त्यांच्या शेजारचे, आणि शेवटच्या स्वरापर्यंत सगळं मैदान एका आवाजाचं झालं. मला ते वर्णन फार हलवतं. कुणी हुकूम दिला नव्हता. तिथे एकेक आवाज आपल्या मर्जीने येऊन मिळाला, मेक्सिकोत एक आवाज आपल्या मर्जीने विरला. मर्जी दोन्हीकडे होती म्हणूनच दोन्ही आवाज मला खरे वाटतात.

मेक्सिकोतल्या त्या दोन पोरांनी झेंड्याकडे पाठ फिरवली नव्हती, हे विसरलं जातं. त्यांनी पायांतलं पादत्राण काढलं होतं. आमच्याकडे देवळाच्या पायरीपाशी, वारीच्या वाटेवर, नवस फेडताना अनवाणी पाय काय म्हणतात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी मान झुकवली होती. त्या झुकलेल्या मानेखाली आपण प्रार्थना करत होतो असं स्मिथने पुढे सांगितलं. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन केपर्निक, पोलिसांच्या हातून मरणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी, आधी राष्ट्रगीताला बसून राहिला. मग नेट बॉयर या माजी सैनिकाशी त्याचं बोलणं झालं, आणि १ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याने एक गुडघा जमिनीला टेकवला, हुतात्मा झालेल्या सोबत्याच्या थडग्यापाशी सैनिक टेकवतात तसा. अनवाणी पाय, झुकलेली मान, टेकलेला गुडघा. माणसाच्या देहाला आदराच्या जेवढ्या मुद्रा ठाऊक आहेत, त्यांतच या निषेधाने आपलं घर केलं. लोकांना तेच सोसवलं नसेल का?

केपर्निकच्या चाहत्यांनी त्याच्या नावाच्या जर्सी अंगणात जाळल्या. त्या जळत्या कापडाची चित्रं मी पाहिली आहेत आणि जाळणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिले आहे. दर रविवारी अंगात घातलेलं कापड होतं ते. त्याच आठवड्यांत त्याच सात नंबरच्या जर्सी इतरांनी इतक्या विकत घेतल्या की विक्रीत ती सर्वांत वर गेली. एकच कापड, काही घरांत जळत होतं, काही घरांत घडी मोडून अंगावर चढत होतं. त्या हंगामानंतर त्याला कुठल्याही संघाने मैदानात उतरवलं नाही.

मेक्सिकोच्या त्याच पंधरवड्यात आणखी एक मान फिरली होती. चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लाव्स्का. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात शिरले तेव्हा ती डोंगरात लपली होती. झाडांच्या फांद्यांना लोंबकळून, बटाट्यांची पोती उचलून तिने सराव केला होता. सोव्हिएत गीत वाजलं तेव्हा व्यासपीठावर तिने मान उजवीकडे, खाली वळवली. एवढंच. तिला कुणी हुर्यो केली नाही. मेक्सिकोच्या लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. फ्लोअरवर ती त्यांच्याच लोकधुनेवर नाचली होती, त्यांच्याच शहरात तिने लग्न लावलं. शिक्षा नंतर आली, मायदेशातल्या सत्तेकडून, आणि वर्षानुवर्षं पुरली. परक्याच्या गीतापासून वळलेली मान शूर ठरते. आपल्याच गीतासमोर झुकलेली मान मात्र आपल्याला उमजायला फार वेळ लागतो.

आणि कधी कधी तर स्टँड आणि मैदान यांची अदलाबदलच होते. २१ नोव्हेंबर २०२२, कतार, फुटबॉलचा विश्वचषक. हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूला दोन महिने झाले होते, इराणच्या रस्त्यांवर मुली केस मोकळे सोडून उतरल्या होत्या. इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी इराणचं राष्ट्रगीत वाजलं आणि अकराही जणांचे ओठ मिटलेले राहिले. हुर्यो उठली ती खेळाडूंसाठी नव्हती. इराणी प्रेक्षक आपल्याच गीताला हुर्यो करत होते, आणि स्टँडमध्ये काहीजणी रडत होत्या. चार दिवसांनी, वेल्सविरुद्ध, त्याच खेळाडूंचे ओठ हलले, पुटपुटल्यासारखे, डोळे कुठेतरी दूर. तेव्हाही शिट्ट्या झाल्या. घरी आई-बाप, बायका-मुलं असलेली ती पोरं. गावं तरी मरण, न गावं तरी मरण. त्या हलणाऱ्या ओठांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नॉर्मन १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला नव्हता. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला तेव्हा मेलबर्नमध्ये त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत स्मिथ होता, कार्लोस होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने, मेक्सिकोनंतर त्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल, त्याची माफी मागितली. त्याचे २०.०६ सेकंद त्याच्या देशात ५६ वर्षं कुणाला गाठता आले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ते मोडले गाउट गाउट या सोळा वर्षांच्या मुलाने, ज्याचे आई-बाप दक्षिण सुदानहून आले आहेत. हे वाचलं त्या दिवशी मला उगाच खूप आनंद झाला.

स्मिथ आणि कार्लोस यांच्या विद्यापीठात, सॅन होझेला, २००५ मध्ये त्या व्यासपीठाचा भव्य पुतळा उभा राहिला. दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी आहे. नॉर्मनचीच तशी इच्छा होती: तिथे येईल त्याने उभं राहावं. लोक चढतात, फोटो काढतात, मूठ वर करतात. मला वाटतं, त्या जागेवर मूठ वर करायची नसते. तिथे नुसतं उभं राहायचं असतं, मागे काय चाललंय ते न बघता, फक्त कान उघडे ठेवून. गर्दीतला तो गाणारा माणूस थांबला तेव्हा क्षणभर का होईना, त्याच पायरीवर आला होता असं मला वाटतं. पुढे तो हुर्योत मिसळला असेल, किंवा खाली बसला असेल. पण त्या एका क्षणापुरतं त्याचं गाणं थांबलं होतं आणि पाहणं सुरू झालं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पेरूच्या लिमा शहरात पॅन अमेरिकन स्पर्धा होत्या. अमेरिकेचा तलवारबाज रेस इम्बोडेन व्यासपीठावर गुडघा टेकून राहिला, आणि हातोडाफेक जिंकलेल्या ग्वेन बेरीने गीत संपता संपता मूठ वर केली. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने दोघांना ताकीद देऊन १२ महिने देखरेखीखाली ठेवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच समितीने स्मिथ आणि कार्लोस यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं. बेरीचे तेव्हा अजून नऊ महिने बाकी होते.