दोन लिप्यांचा दगड

गावाचे नाव आडनावात बांधून माणूस परमुलखी जातो, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. परभणी जिल्ह्यातील पिंगळीचा माणूस पेठ बदलून दूर गेला, तर तेथे तो पिंगळीकर म्हणून ओळखला जातो. पेढी बदलते, बोलीत नवे शब्द येतात, तरी ते एक नाव मागे वळून पाहत राहते. रायगड जिल्ह्यातील किहीम, पेण, रोहे, नवगाव या गावांची नावे अशीच समुद्रापार गेली आहेत. इस्राएलमधील बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या शहरांत आज किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी घराणी नांदत आहेत. ही मराठी यहुद्यांची, म्हणजे बेने इस्राएलांची घराणी होत. त्यांची नातवंडे-पतवंडे जेव्हा पूर्वजांचा माग काढीत कोकणात येतात, तेव्हा आडनाव त्यांना गावापर्यंत आणते. पुढची वाट मात्र कबरस्तानातून जाते.

मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरून अलिबागच्या दिशेने निघाले की किहीम-थळच्या परिसरात नवगाव लागते. परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जीव वाचले. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या मृतांना नवगावच्या भूमीत पुरण्यात आले. तेथील उंचवटे त्याच समाध्या होत, अशी समाजाची श्रद्धा आहे. आज त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. कालनिर्णयाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे असल्याचे दिसून आले. सागराकडून आलेले आणि या मातीत मिसळलेले, हे दोन्ही त्यांच्याविषयी खरे आहे.

व्यापारी कुटुंबांना या समाजाच्या इतिहासातील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. कोकणात या लोकांनी तेलाचे घाणे घातले. मात्र शनिवारी घाणा जुंपावयाचा नाही, हा त्यांचा नेम होता. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. ग्रंथ हाताशी नव्हते आणि हिब्रू भाषा जवळजवळ विस्मरणात गेली होती. तरीही शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाद्याखाद्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, एवढी शिदोरी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. आठवड्यातील एका दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडून पाळलेल्या नेमामुळेच पुढे त्यांची ओळख पटली. धंदा आणि धर्मनेम यांचा मेळ घालणे किती कठीण असते, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

पुढे अनेक कुटुंबे मुंबईस आली. मांडवी भागातील सॅम्युएल स्ट्रीट घाऊक बाजाराच्या निमित्ताने अनेक व्यापाऱ्यांच्या पायाखालची आहे. त्याच रस्त्यावर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर उभारले. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी आपला संकल्प पुरा केला, असे सांगितले जाते. या देवालयास लोक मशीदच म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकास नाव मिळाले ते यावरूनच, असे मानले जाते. अलिबागेतही इस्राएल आळी आहे आणि १८४८ मध्ये स्थापन झालेले मागेन अबोथ सिनेगॉग तेथे आजही उभे आहे.

या समाजाचा इतिहास प्रथम सविस्तर लिहिला तो हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. १८९७ मध्ये त्यांनी तो पुरा केला. ग्रंथ छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीव येथे. लिहिलेले जपून ठेवणारा कोणी असला, तर उशिरा का होईना, ते वाचणाऱ्याच्या हाती पडते.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाली आणि बेने इस्राएल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. त्यांना येथून कोणी हुसकावले नव्हते. धर्मभूमीची ओढ होती आणि नव्या जीवनाची आशाही होती. तेथे मात्र त्यांच्या वंशशुद्धीविषयी विवाहप्रसंगी शंका घेतल्या गेल्या. दीर्घ संघर्षानंतर १९६४ मध्ये इस्राएल सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्यता दिली. इकडे गावे रिकामी होत गेली. १९५१ मध्ये भारतात यहुद्यांची संख्या सव्वीस हजारांच्या पुढे होती. २०११ च्या जनगणनेत ती पाच हजारांच्याही आत आली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक महाराष्ट्रात होते. राज्य शासनाने २०१६ मध्ये या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

जगातील इतर काही देशांत यहुदी कबरस्तानांची कथा फार दारुण आहे. पूर्व युरोपात नाझींच्या संहारात गावेच्या गावे नाहीशी झाली आणि कबरींकडे पाहणारे कोणी उरले नाही. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी अशा गावांत जाऊन पडलेले दगड उभे केले, जागेला कुंपण घातले, लेख उतरवून घेतले. कोकणातील कबरस्ताने संहाराने ओस पडलेली नाहीत. पण गवत वाढावयास आणि अक्षरे झिजावयास निमित्त लागत नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पुरेसा असतो.

हिब्रू भाषेत कबरस्तानास ‘बेत हा-हाइम’, म्हणजे जीवनाचे घर, असेही म्हणतात. एकदा दफन झालेली जागा पुन्हा उकरावयाची नाही, असा धर्मनियम आहे. भेटीस येणारा फुलांऐवजी एक लहानसा खडा कबरीवर ठेवतो. पूर्वजांच्या शोधात येणाऱ्या विद्यार्थ्याचे खरे काम त्यानंतर सुरू होते. अक्षरे वाचावयाची तर सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन हवे. शेवाळ काढावयाचे ते साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने. तारेचा ब्रश किंवा आम्ल लावल्यास शेवाळाबरोबर अक्षरेही जातात. मग छायाचित्र घ्यावयाचे, दगडाची जागा नकाशावर नोंदवावयाची आणि लेख जसाच्या तसा उतरवून घ्यावयाचा.

येथेच खरी अडचण उभी राहते. अनेक दगडांवर हिब्रू आणि मराठी असे दोन्ही लेख आहेत. हिब्रू भागात वर्ष अक्षरांनी लिहिलेले असते आणि हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. ७०८ वाचले, तर ते ५७०८ समजावयाचे. त्यातून ३७६० वजा केले की इसवी सन १९४८ येते. वर्ष शरद ऋतूत सुरू होत असल्याने सुरुवातीच्या महिन्यांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. वीर निर्वाण संवत, विक्रम संवत आणि इसवी सन यांचा हिशेब जुन्या चोपड्यांत ज्यांनी लावला आहे, त्यांना ही रीत अपरिचित वाटणार नाही. मराठी भागात मात्र निराळी माहिती सापडते: नाव, आडनाव, गाव, कधी नात्यागोत्याचा उल्लेख. इस्राएलमध्ये वाढलेला पणतू हिब्रू ओळी सहज वाचतो आणि मराठी ओळींपाशी थांबतो. गावातील शाळकरी मुलगा मराठी ओळी खडाखडा वाचतो आणि हिब्रू ओळींपाशी थांबतो. संपूर्ण दगड वाचावयाचा, तर दोघांना शेजारी बसावे लागते.

जुन्या पिढीतील बेने इस्राएलांनी इस्राएलमध्येही मराठी जपली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे निघत आले आहे. नव्या पिढीची घरची भाषा हिब्रू झाली, आणि त्यात तिचा दोष नाही. पण अर्धा दगड वाचणारे एका पिढीत उरले नाहीत, तर दगड शाबूत राहूनही पूर्वज मुके होतील. म्हणून असे विद्यार्थी येतात तेव्हा त्यांना पाहुणचाराबरोबर वाचून दाखविणारा माणूस लागतो. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीची जुनी दप्तरे, शेजारच्या घरातील आजीची आठवण, यांतून ‘अमक्या घाण्याचा मालक’ पुन्हा नावानिशी ओळखू येतो.

जुन्या पोथ्या ज्या समाजांनी भांडारांत शतकानुशतके सांभाळल्या, त्यांना या कामाचे मोल कळते. पोथीला वेष्टन बांधणे आणि दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याच्या कबरीवरील गवत काढणे, ही दोन्ही कामे एकाच वृत्तीची आहेत. कोकणातील अनेक गावांत आता ते गवत काढावयास शेजारीच तेवढे उरले आहेत.