खकाणा तंबाखूचा नव्हता

निपाणीत कुणाला खोकला झाला की पहिलं बोट तंबाखूकडं जातं. माझं तर अर्धं आयुष्य वखारीत गेलेलं, त्यामुळं घरातल्यांनीही फार मनावर घेतलं नाही. पण त्या खेपेला अंग तापानं भाजत होतं, डोकं फुटायच्या बेतात, आणि खोकला कोरडा ठणठणीत. गावातल्या दवाखान्यातल्या गोळ्या पाच दिवस घेतल्या. ताप हलेना. शेवटी धाकट्या भावानं गाडीत घालून बेळगावला नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी छातीचा फोटो बघितला आणि भलतंच विचारलं, "काका, घरात पाखरं आहेत काय?"

"चाळीस कबुतरं आहेत की!"

"त्यांची घाण कोण काढतं?"

मीच. दहा-बारा दिवसांपूर्वी माडीवरची ढाबळी साफ केली होती. ऐन उन्हाळा, शिट वाळून खडखडीत झालेली. खराट्यानं खरवडली तेव्हा नाकातोंडात खकाणा गेला. वखारीत तोंडाला टॉवेल बांधायचो. घरच्या घरात कोण बांधतंय?

आजाराचं नाव सिटॅकोसिस, म्हणजे पोपटाचा ताप. जंतू पाखराच्या विष्ठेत असतो आणि वाळलेल्या धुळीबरोबर आपल्या छातीत उतरतो. पाखरू वरून ठणठणीतही दिसतं. मी म्हटलं, पोपट तर मी कधी पाळला नाही. तेव्हा मॅडमनी उत्तर अटलांटिकातल्या फेरो बेटांची हकीकत सांगितली. तिथं फुलमार नावाच्या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरून खातात. १९३०च्या दशकात त्यांची पिसं उपटणाऱ्या बायकांना हाच ताप आला, कित्येक दगावल्या. गरोदर बायकांचे हाल तर विचारू नका. समुद्रावरच्या पाखराला पोपटाचा रोग कुठून? दक्षिण अमेरिकेतून पोपट आणणाऱ्या जहाजांवरून मेलेले पोपट पाण्यात फेकले आणि ते फुलमारांनी खाल्ले, असा अंदाज आहे. ऐकून माझा ताप क्षणभर विसरलो.

डॉक्सिसायक्लिन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी घाम फुटून ताप उतरला. गोळ्या मात्र पुऱ्या संपवायला लावल्या.

बायको म्हणाली, कबुतरं देऊन टाका. दिली नाहीत. आता ढाबळीत आधी पाणी मारतो, शिट भिजली की मास्क आणि हातमोजे घालून काढतो. तुमच्या माडीवरही ढाबळी असेल, तर तापात दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरनी विचारायची वाट बघू नका. पाखरांचं आपणहून सांगा.