बेटावरची गाडी

निवासी शाळेच्या वाटचालीत इमारती, निकाल आणि मान्यवरांच्या भेटी यांची नोंद होतेच. एखाद्या जुन्या पिकअप गाडीची होतेच असे नाही. ती आम्ही येथे करीत आहोत.

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. मिरजेचा उंचावरचा भाग पूरग्रस्तांचा आसरा झाला. परंतु नदीकडच्या सखल शिवारातील आमचे वसतिगृह एका रात्रीत बेट झाले. धान्य वरच्या मजल्यावर हलवता आले, मुले होडीतून सुखरूप बाहेर पडली. आवारातील पिकअप मात्र टपापर्यंत बुडाली.

पाणी ओसरल्यावर तिचे मोल कळले. भाजीपाला, दळण, गॅसच्या टाक्या, रात्री-अपरात्री आजारी मुलाला मिरजेच्या दवाखान्यात नेणे, सारे तिच्यावरच चाले. नवी घेण्याइतका निधी नव्हता. जुनी शोधू लागलो, तेव्हा काही गाड्या नवल वाटावे इतक्या स्वस्त दिसल्या. गॅरेज चालवणारा आमचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, रंगाला भुलू नका. पायाखालची मॅट उचला, सीटचे बोल्ट बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा." एका चकचकीत गाडीचा पट्टा आम्ही ओढला. त्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेला गाळ होता. विकणारे गृहस्थ काही बोलले नाहीत. आम्ही परतलो.

त्याच आठवड्यात आमची बुडालेली गाडी विकण्याचा विषय समितीपुढे आला. इंजिन उघडून, धुऊन ती सुरू झाली होती. पुराविषयी मौन पाळले तर बरी रक्कम येणार होती. सांगितले तर भंगाराचा भाव. हा मुलांच्या जेवणाचा पैसा आहे, असे एकाने म्हटले, आणि ते खोटे नव्हते. आमच्यापैकी काहींचे मन तिकडे झुकले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकघरातील मावशी म्हणाल्या, "सकाळी पोरांकडनं पंचशील म्हणून घ्यायचं, आन् दुपारी असला सौदा करायचा व्हय?" चौथ्या शीलावर पुढे चर्चा झाली नाही. गाडी खरे सांगून विकली. अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच पैसे हाती आले.

जिथे पूर जात नाही तिकडे गाडी शोधा, हेही मावशींनीच सुचवले. त्यांचे माहेर जत तालुक्यातले. जिल्हा एकच, पश्चिमेला महापूर, तर पूर्वेला जत-आटपाडीकडे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी गावे. तिथल्या एका डाळिंब बागायतदाराची गाडी पाहिली. धूळ भरपूर, गाळ कुठेच नाही. चासी नंबर आरसी बुकाशी ताडला, फिटनेस आणि विम्याच्या तारखा पाहिल्या, कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री केली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. पासिंग एमएच-१० चेच असल्याने दुसऱ्या जिल्ह्याचा ना-हरकत दाखला लागला नाही. कमी पडलेली रक्कम माजी विद्यार्थ्यांच्या दानातून उभी राहिली.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा महापूर आला. त्या वेळी पाणी इशारा पातळीला पोहोचण्यापूर्वीच याच गाडीने मुलांची अंथरुणे आणि धान्य मिरजेच्या उंच भागात नेऊन ठेवले.

पालीत 'दीप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: दिवा आणि बेट. महापरिनिब्बान सुत्तातील तथागतांचा उपदेश आम्ही मुलांना पहिल्या अर्थानेच शिकवीत आलो होतो. चहूबाजूंच्या पाण्यात बुडू नये अशी जागा आपणच व्हावे, हा दुसरा अर्थ आम्हाला त्या समितीच्या बैठकीत उमगला.

गाडी आता थकली आहे. तीही कधीतरी विकावी लागेल. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिचा सीटबेल्ट आम्ही आपणहून शेवटपर्यंत ओढून दाखवू.